कोणाचं मांजर

फाल्गुनातली दुपार. आई परछीत तांदूळ निवडत बसली होती. ओसरीला आम्ही रायपूरकर मराठी माणसं परछीच म्हणतो, आणि नागपूरचे नातेवाईक त्यावर दर खेपेला हसतात. मी आत बँकेचे जुने कागद लावत होतो. फाटकाच्या सळ्यांमधून एक मांजर आत आलं. शेपूट ताठ वर, टोकाला जराशी वाकलेली. पांढरं, काळं आणि नारिंगी असं तीन रंगांचं. आमचं घर पाठ असल्यासारखं ते सरळ आईच्या सुपापाशी आलं आणि तिच्या वॉकरच्या पायाला गाल घासू लागलं.

आईने मान वर न करताच विचारलं, "आलीस होय गं ठकी?"

माझा हात कागदांवर थांबला. ठकी हे नाव आमच्या घरात 48 वर्षांत कोणी उच्चारलेलं नव्हतं.

आई 84 वर्षांची आहे. गेली दोन वर्षं तिला काल काय झालं ते आठवत नाही, पण लग्नात कोणी कोणाला कुठलं पातळ दिलं ते आठवतं. तिच्या आठवणीतली माणसं आमच्या घरात ये-जा करतात, त्याला मी सरावलोय. पण ठकी आली तेव्हा मी उठून बाहेर गेलो आणि नको होतं तेवढ्या जोरात म्हणालो, "आई, ही ठकी नाही. ठकी राखाडी होती, पट्ट्यापट्ट्यांची."

"असेल," आई म्हणाली. "रंग बदलला असेल. माझे केस नाही का बदलले?"

मराठीत अनोळखी मांजर 'ते' असतं. ओळख झाली की त्याची 'ती' होते किंवा 'तो'. या मांजराच्या बाबतीत ओळख होण्याआधीच उत्तर अंगावर होतं. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि नारिंगी व काळा असे दोन्ही रंग एका अंगावर दिसायला बहुधा दोन एक्स लागतात. म्हणजे ती 'ती' होती, एवढं पहिल्या दिवशी कळलं. बाकी काहीच कळलं नाही. गळ्यात पट्टा नाही, घुंगरू नाही. अंग भरलेलं, डोळे स्वच्छ, कानात घाण नाही. रस्त्यावर वाढलेलं मांजर माणसाला इतक्या लवकर भिडत नाही. ते आधी अंतर मोजतं. हिने मोजलं नव्हतं, म्हणजे हिला कोणीतरी हातात धरून वाढवलं होतं.

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंनी संध्याकाळी तिला पाहिलं. आईने त्यांना त्यांच्याच बोलीत विचारलं, "ये काकर बिलई ए?" कोणाची मांजर ही?

"काकरो नोहय, दाई," बाई म्हणाल्या. कोणाचीच नाही. भांडी घासता घासता त्यांनी जोडलं, "बिलई ह अपन मन के होथे." ती स्वतःच्या मनाची असते.

दुसऱ्या दिवशी आईने वाटीत दूधभात कालवला. लहानपणापासून चित्रांत मांजर आणि दुधाची वाटी एकत्र पाहिलेली, त्यामुळे मलाही त्यात गैर वाटलं नाही. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, दुधातली साखर फोडणारं पाचक द्रव्य पिल्लू मोठं झालं की कमी होत जातं, हे मला तिसऱ्या दिवशी तुळशीवृंदावनामागे पाहून कळलं. मग दूध बंद केलं. पाण्याची वाटी ठेवली. पण ती भुकेली यायची, आणि मांजराला नुसत्या भातावर ठेवता येत नाही. त्याला मांस लागतं, त्याच्या शरीराला लागणारी काही द्रव्यं त्याला वनस्पतींतून मिळतच नाहीत. आमच्या घरात चार पिढ्यांत अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. मी दोन दिवस चुळबुळ केली. शेवटी आईच म्हणाली, "अरे, तिचा धर्म वेगळा आहे. एक अंडं आण आणि जुन्या पातेलीत उकड." ती पातेली आता वेगळी ठेवलेली असते, उलटी, मोरीपाशी. त्या अंड्यात मीठमसाला नाही, आणि कांदालसूण तर मुळीच नाही. कांदालसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. या बाबतीत आईचा चातुर्मास आणि पशुवैद्यक यांचं आपोआप जमलं.

आता वाटतं, खाऊ घालण्याआधी मी विचारायला हवं होतं. कोणाचं तरी औषधोपचार चालू असलेलं मांजर असू शकतं, कोणी त्याची वाट पाहत असू शकतं. एकदा वाटी ठेवली की आपण त्या जिवाच्या हिशेबात जमा होतो. पण आई रोज चार वाजता फाटकाकडे तोंड करून बसू लागली होती, आणि गेल्या दोन वर्षांत तिने कशाचीच अशी वाट पाहिलेली नव्हती.

माझ्या मुलीने बंगळुरूहून फोनवर युक्ती सांगितली. कागदाची पट्टी करायची, त्यावर लिहायचं, मांजराच्या गळ्याभोवती सैल गुंडाळून टोकांना जरासा चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. पट्टी कागदाचीच हवी. कुठे अडकली तर फाटली पाहिजे, नाहीतर गळफास बसायचा. दोन बोटं आत जातील इतकी सैल. मी हिंदीत लिहिलं: क्या यह आपकी बिल्ली है? खाली फोन नंबर. संध्याकाळी ती ही पट्टी मिरवत भिंतीवरून गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा पट्टी नव्हती. फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ठकीचं सांगायलाच हवं.

1977 साल. मी नऊ वर्षांचा. आम्ही याच पाऱ्यात, याच घरात. मागे विहीर होती आणि पुढच्या खोलीत धानाची कोठी. छत्तीसगडला धान का कटोरा म्हणतात. तेव्हा घरोघरी कोठ्या असत, कोठ्यांत उंदीर आणि उंदरांपाठोपाठ मांजरं. हे जगात सगळीकडे असंच झालेलं आहे. मांजर पाळायला कोणी आणलं नाही, धान्य साठवायला लागल्यावर ते आपणहून जवळ आलं. सायप्रस बेटावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना सुमारे 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर मिळाली. त्यात एक माणूस आणि हातभरही नसलेल्या अंतरावर आठेक महिन्यांचं एक मांजर पुरलेलं आहे. त्या बेटावर मूळचं मांजर नव्हतं. कोणीतरी ते होडीतून नेलं असणार. ठकीला आमच्याकडे कोणी आणलं नव्हतं. ती कोठीमागे सापडली, आणि राहिली.

ठकीने त्या वर्षी बाबांच्या वळकटीत पिल्लं घातली. त्याआधी शेजाऱ्यांचा पोपट गेला होता, आणि त्याचा आळ तिच्यावर होता. पिल्लं मोठी होऊन एकेक कुठे कुठे गेली. मग एका रविवारी बाबांनी रेशनच्या गव्हाची रिकामी गोणी काढली. बाबा दुष्ट नव्हते. त्या काळी सगळेच असं करत, मांजर नको झालं की नदीपलीकडे सोडून येत. पाणी ओलांडलं की त्याला परतीची वाट सापडत नाही, असं म्हणत. मी कॅरियरवर बसलो आणि गोणी मांडीवर धरली. महादेव घाटापर्यंत सहासात किलोमीटर असेल, तेव्हा वाटेत बरीच शेतंच होती. गोणी गरम होती. सुरुवातीला ती आत फिरत होती, मग एका जागी बसली आणि तिने माझ्या मांडीवर अंग टेकलं. गोणीतून. खारुन ओलांडून बाबांनी तोंड सोडलं. ती बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि लगेच पळाली नाही. आम्हीच निघालो.

परतताना बाबा म्हणाले, "आईला सांग, फाटकातून पळाली ती आलीच नाही."

मी तसं सांगितलं.

जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं हा आपल्याकडे 1960 पासून गुन्हा आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, कलम 11. पहिल्या वेळेला दंड 10 ते 50 रुपये, आणि हा आकडा पुढे कितीतरी दशकं तसाच राहिला. बाबांना हा कायदा ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. मलाही तो पन्नाशीनंतर कळला. कळल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर मनातल्या मनात तेव्हाच्या पन्नास रुपयांत काय काय येत असे याचा हिशेब.

तर आता ही तीन रंगांची, आणि आई तिला ठकी म्हणत होती. मी तिला कोणत्याच नावाने हाक मारत नव्हतो.

चैत्राच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आईने तिला उचलून मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला. नेमकी तेव्हाच आत कुकरची शिट्टी झाली. मांजर उसळलं आणि आईच्या मनगटावर दोन रेघा उमटल्या. रक्त आलं नाही, पण आईची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे आणि रेघा लालबुंद दिसत होत्या. मी तिचा हात नळाखाली धरला, साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतला. तिला वाटलं मी रागावलोय. मी रागावलोच होतो, स्वतःवर. सकाळी रिक्षा करून सरकारी दवाखान्यात नेलं. कुत्रा चावलेल्यांची रांग होती. मांजराचे आम्ही एकटेच. दोन्ही दंडांवर कातडीत एकेक बारीक टोचणी. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. नर्सबाईंनी कार्डावर तारखा घातल्या आणि म्हणाल्या, "सुई तो सब लगवाना। और बिल्ली को दस दिन देखते रहना। मर जाए या ग़ायब हो जाए तो आकर बताना।"

रेबीज झालेलं मांजर लाळेतून विषाणू देऊ शकत असेल, तर ते दहा दिवसांत मरतं. जिवंत आणि ठणठणीत राहिलं, तर ओरखड्याच्या वेळी त्याच्यापासून तो धोका नव्हता. सोपा हिशेब आहे. पण त्याचा अर्थ असा, की ज्या मांजराला मी काल हाकलून द्यायचा विचार करत होतो, त्याची आता मला दहा दिवस वाट पाहायची होती.

आईने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून मांडीवर घेतलं. दुधाचा हिशेब लिहायच्या सवयीने तिने पेन्सिल घेतली. मांजर आलं की त्या तारखेच्या चौकोनात एक बारीक टीक. पहिला दिवस, टीक. दुसरा. तिसऱ्या दिवशी टोचणी आणि टीक. चार, पाच.

सहाव्या दिवशी चार वाजले, साडेपाच वाजले. दिवे लागले. चौकोन कोरा.

मी चपला घातल्या. इतक्या वर्षांत आमच्या मागच्या दोन गल्ल्यांतून मी पायी शेवटचा कधी गेलो होतो ते आठवेना. स्कूटरवरून जाणं वेगळं.

आधी नाक्यावरचं किराणा दुकान. सिंधी सेठजी म्हणाले, "अरे, वो तो हमारी मैनेजर है।" सकाळी सात ते दहा ती तांदळाच्या पोत्यांवर झोपते, उंदीर दुकानात पाऊल टाकत नाहीत. आज सकाळी आली होती का? आज नाही आली, त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचाही चेहरा जरा उतरला.

पुढच्या गल्लीत बंगाली मासीमा राहतात. त्यांना मी लहानपणी ओळखत असे. दुर्गापूजेला कालीबाडीत आम्ही सगळी पाऱ्यातली पोरं भोगाच्या खिचडीसाठी रांगेत बसत असू. मासीमांनी दार उघडलं आणि मी मांजर म्हटल्याबरोबर म्हणाल्या, "पुषी?" दुपारी माशाची काटेरी डोकी त्या तिच्यासाठी ठेवतात. मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन, दारातून उपाशी जाऊ द्यायचं नसतं. षष्ठी म्हणजे आपलीच सटवाई. आपण सहाव्या रात्री तिच्यासाठी कागदलेखणी ठेवतो, बाळाचं नशीब लिहायला. मांजर मात्र बंगालने ठेवून घेतलं. मराठीत मांजर वाघाची मावशी, हिंदीत शेर की मौसी, बंगालीतही बाघेर माशी. नातं सगळ्यांनी एकच लावलेलं आहे.

मासीमांच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली, माझी कागदी पट्टी होती.

"मासीमा, ही तुम्ही काढली? फोन का नाही केला?"

"तिला टोचत होती," त्या हिंदीत म्हणाल्या. "आणि तू विचारलंस, तुमची आहे का? माझी नाही. मग मी काय फोन करणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्नच मी चुकीचा लिहिला होता. 'ही तुमच्याकडे कधी येते' असं लिहिलं असतं, तर दोन दिवसांत पाच फोन आले असते.

त्यांनीच पुढचं घर दाखवलं. गल्लीच्या टोकाला, कुलूप लावलेलं, फाटकावर 'टू लेट'ची पाटी. समोर क्रिकेट खेळणाऱ्या मुलाने सांगितलं, "वो तो पिंकी है। इसी घर की थी। आंटी लोग नया रायपुर चले गए, दिवाली से पहले।"

मंत्रालय 2012 साली नव्या रायपूरला गेलं, मग एकेक कार्यालय, मग हळूहळू माणसं. जुन्या पाऱ्यांतली घरं अशीच एकेक करून बंद होताहेत. आमच्याकडचे लोक 'तुम्ही मूळचे कुठले' असं विचारलं की अजून भोसल्यांपासून सुरुवात करतात. 1741 साली भास्करपंत रतनपूरवर आले, मग बिंबाजी भोसले, मग त्यांच्यामागून कारकून, भटजी, शिपाई, आणि त्यातले कोणीतरी आमचे. पावणेतीनशे वर्षांचा हिशेब तोंडपाठ. पण दिवाळीत दोन गल्ल्या पलीकडचं घर रिकामं झालं, हे मला चैत्रात कळत होतं.

कुलूपबंद घराच्या पायरीवर मातीचं एक परळ होतं, कोरडं. मांजर नव्हतं. मी पाटीवरचा नंबर लावला.

बोलायचं काय ते वाटेत ठरवून ठेवलं होतं. कलम 11 मला पाठ होतं. फोनवर एक बाई आल्या, आणि मी मांजर म्हणताच त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वो अभी तक आती है वहाँ?"

नेताना खोक्यात घातलं होतं. टेम्पो उभा होता, सामान चढत होतं, गोंधळात खोकं फोडून ती पळाली. संध्याकाळपर्यंत थांबले. नंतर दोन रविवार येऊन शोधलं, सापडली नाही. तिसऱ्या रविवारी यायला जमलं नाही. मग सोसायटीत भाडेकरूंनी प्राणी पाळायचे नाहीत असं निघालं. "हमने सोचा, कोई न कोई रख ही लेगा।" त्या रडत नव्हत्या, पण पुढचं वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागत होता. ते खोकं कसं असेल, आत ती कशी बसली असेल, हे मला दिसत होतं. कायद्याचं मी काही बोललो नाही.

"तिला लस दिलेली आहे का? रेबीजची?"

"हाँ, हाँ, कार्ड है।"

दोन मिनिटांत व्हॉट्सअॅपवर फोटो आला. जनावरांच्या दवाखान्याचं पिवळं कार्ड. नाव पिंकी, मादी, वय अडीच वर्षं. मागच्या पावसाळ्यात रेबीजची लस, म्हणजे वर्ष अजून भरलेलं नव्हतं. त्याच्या वर नसबंदीच्या शस्त्रक्रियेची तारीख. डाव्या कुशीवरचे केस जरा आखूड का दिसतात ते तेव्हा कळलं. कोणीतरी तिच्यासाठी पैसे मोजले होते, ऑपरेशननंतर रात्री जागवल्या असतील.

घरी आलो तेव्हा आई अंधारातच बसली होती, मांडीवर कालनिर्णय. मी दिवा लावला, कार्डाचा फोटो दाखवला, इंजेक्शनं पुरी करायचीच पण घाबरायचं कारण नाही असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"मग आज कुठे गेली?"

"माहीत नाही, आई."

"पळाली असेल," ती म्हणाली. "फाटकातून."

तिचा आवाज नेहमीचाच होता. चेहऱ्यावरही काही नव्हतं. पण ते वाक्य माझं होतं, 1977 चं, आणि मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "आई, ठकी पळाली नव्हती. आम्ही तिला घाटापलीकडे सोडून आलो होतो. बाबा आणि मी. गोणीतून."

"हो," आई म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"गोणी मीच धुतली ना. आत केस होते तिचे, सगळीकडे चिकटलेले. पळालेल्या मांजराचे केस गोणीत कसे येतील?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

आईने कालनिर्णयची घडी केली. "यांना बोलले. चार दिवस बोलले. तुला काय बोलणार? तू रोज रात्री फाटकापाशी तुझ्या वाटणीचं दूध ठेवून यायचास. सकाळी मी वाटी विसळून ठेवायचे, तू उठायच्या आत. कुत्रीबित्री पिऊन जात असतील. तुला वाटायचं ती येऊन पिते."

ते दूध मला आठवत नाही. गोणीची ऊब आठवते, खारुनचं पाणी आठवतं, बाबांच्या सायकलची चेन आठवते. दुधाची वाटी अजिबात आठवत नाही. जिला कालचं आठवत नाही तिच्याकडे माझी ही आठवण इतकी वर्षं ठेवलेली होती. मी तिला विचारलं, किती दिवस ठेवत होतो. ती म्हणाली, "पावसाळा लागेपर्यंत." मग तिने अंड्याचं विचारलं, उकडून ठेवलंय की नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी आईला दवाखान्यात नेऊन आणलं, आणि दुपारी चारला मांजर आलं. अंगभर सिमेंटची धूळ. कुठल्यातरी अर्धवट बांधकामात रात्र काढली असावी. आईने सातव्या चौकोनात टीक केली. सहाव्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही. आठ, नऊ, दहा. अठ्ठाविसाव्या दिवशीची शेवटची सुईही झाली.

मधल्या एका रविवारी नव्या रायपूरहून ते कुटुंब आलं, नवराबायको आणि दहाएक वर्षांचा मुलगा. सोबत जाळीच्या दाराची प्लास्टिकची टोपली. नवीनच घेतलेली, किमतीची चिठ्ठी अजून खाली चिकटलेली. सोसायटीशी बोलून पाहू म्हणाले. मासीमाही आल्या, सेठजींनी मुलाला पाठवलं. परछीत एवढी माणसं बाबा गेले त्या दिवसानंतर बसली नव्हती. चहा झाला. सव्वाचारला मांजर भिंतीवरून उतरलं, इतकी माणसं पाहून थबकलं, मग अंडं खाल्लं. मुलाने हळूच "पिंकी" म्हटलं. ती त्याच्याकडे गेली, बूट हुंगले, त्याच्या पोटरीला गाल घासला. तो हललासुद्धा नाही. त्याच्या आईने टोपलीकडे पाहिलं.

आईने मला मराठीत विचारलं, "याला झाकण आहे का?"

मी टोपली तिच्यापुढे ठेवली. तिने जाळीतून बोटं आत घालून पाहिली, एकेक करून चारही. दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मग तिच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत त्या बाईंना म्हणाली, "बेटी, दरवाज़ा खुला रखो। अपने मन से बैठी तो ले जाओ। मैं कुछ नहीं बोलूँगी।"

सहा वाजेपर्यंत सगळे थांबले. मांजर एकदा टोपलीत गेलं. आत गोल फिरलं, जमिनीचा वास घेतला, बसलं देखील. मुलाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. कोणीही दाराला हात लावला नाही. मग ती उठली, आळस दिला, बाहेर आली आणि भिंतीवरून सेठजींच्या दुकानाच्या दिशेने गेली.

निघताना त्या बाईंनी कार्ड माझ्या हातात दिलं. पुढची लस पावसाळ्यात. मुलगा दर महिन्यात एका शनिवारी येतो, बाबा त्याला सोडतात आणि दोन तासांनी नेतात. टोपली त्यांनी इथेच ठेवली. ती परछीत असते, दार काढून ठेवलेलं. पाऊस सुरू झाल्यापासून रात्री ती तीत झोपते. सकाळी त्यात तीन रंगांचे केस असतात, आणि आई ते झटकू देत नाही.